रोझेशियासाठी कमी डोसची डॉक्सीसायक्लिन महिनोन्‌महिने घेतली तर शरीराची वाट लागते का?

नाही लागत. (रोझेशिया म्हणजे नाक-गाल लाल होऊन फोड येण्याचा त्वचेचा आजार, आणि डॉक्सीसायक्लिन हे त्यावर देतात ते एक ॲन्टिबायोटिक.) पण हाच प्रश्न आमच्या भावजींनी मला इतक्यांदा ऐकवलाय की जरा सविस्तर लिहितो.

मी डिचोलीचा, पेशाने मास्तर. दारूला शिवत नाही. पण गोव्यात नाक-गाल लाल असलेल्या माणसाने हे सांगून बघावं! हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांत किराणावालाही डोळा मारून विचारायचा, ‘मास्तर, यंदाचा माल कसा?’ एका गणेश चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) घुमट या मातीच्या वाद्यावर आरती रंगली होती. समयांची धग, माणसांची दाटी, वर गरम चहा. गाल असे पेटले की बोट टेकलं तरी चरचरत होतं, नाकावर पिवळ्या टोकाचे फोड. भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘देवापुढे तरी कोरडा ये रे.’

त्यानंतर त्वचेच्या डॉक्टरांनी रोझेशियासाठी डॉक्सीसायक्लिनची ४० मि.ग्रॅ.ची कॅप्सूल दिली. त्यातले ३० लगेच सुटतात, १० मागाहून. अमेरिकेत या डोसला रोझेशियासाठी २००६ मध्ये मान्यता मिळाली. एवढ्या मात्रेत ती जंतू मारायला जात नाही, कातडीतला दाह कमी करते. १०० मि.ग्रॅ. घेऊन फोड काही जास्त जात नाहीत, पोट तेवढं जास्त बिघडतं. माझे फोड दोन-तीन महिन्यांत गेले. लाली मात्र नाही गेली, या गोळीने ती फारशी जातही नाही. पुढच्या आरतीलाही मी लालच होतो.

तर भावजी म्हणतात, ‘रोज ॲन्टिबायोटिक? किडन्या जातील!’ आणि याच गृहस्थांच्या खिशात कायम बीटामेथासोन या स्टिरॉइड मलमाची ट्यूब. गजकर्णाला तीच, घामोळ्याला तीच, मुरमांना तीच. म्हणे साधं मलम! माझ्या ताईने त्यांच्या सांगण्यावरून ते तोंडाला चोळलं. लावलं की चेहरा नितळ, सोडलं की भाजल्यागत. आता तिची कातडी पातळ झालीय आणि गालांवर बारीक शिरा दिसतात. चिठ्ठीने घेतलेल्या गोळीला विष म्हणायचं आणि स्टिरॉइड पावडरीसारखं फासायचं, हा कुठला शहाणपणा?

तुम्हीही तोंडाला असलं काही लावत असाल तर आधी ते डॉक्टरांना सांगा. एकदम बंद केलं तर उसळतं.

हो, गोळी आयुष्यभर घ्यायची नसते. तीन-चार महिन्यांनी डॉक्टर थांबवून बघतात. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी. ऊन जास्त बाधतं, सनस्क्रीन लावा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर घेऊच नका, आठ वर्षांखालच्या मुलांनाही नको. किडनीचं म्हणाल तर बाकीच्या टेट्रासायक्लिनांपेक्षा (तिच्याच गटातल्या औषधांपेक्षा) हीच तिला कमी त्रासाची. हे वाक्य भावजींना व्हॉट्सॲपवर पाठवलंय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.