ओपन बाइट आणि वाकडी हनुवटी: शस्त्रक्रियेशिवाय काय होतं, काय होत नाही

वय २४, ओपन बाइट म्हणजे दाढा टेकल्या तरी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत राहणारी ४ मिमीची उभी फट, हनुवटी डावीकडे. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, दुसरे म्हणतात ब्रेसेस आणि जबड्याच्या हाडात तात्पुरते बसवायचे छोटे स्क्रू (मिनी-स्क्रू) यांवर भागेल, मग ऐकायचं कोणाचं, हा तुमचा प्रश्न. दोघंही बरोबर असू शकतात. फट दाढा हलवून मिटवता येते, पण हनुवटी हाडातूनच वाकडी असेल तर कुठलीही तार ती सरकवत नाही. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे धरा.

आधी फट. खालचा जबडा कानापुढच्या सांध्यावर बिजागरीसारखा फिरतो. दाढा बिजागरीच्या जवळ, पुढचे दात लांब. त्यामुळे वरच्या दाढा १ मिमी हाडात चढवल्या की पुढे साधारण २ मिमी फट मिटते. ४ मिमी फट आणि वर १-२ मिमी ओव्हरलॅप (वरचे दात खालच्यांवर येणं) धरला, तर दाढा अडीच ते तीन मिमी चढायला हव्यात. मिनी-स्क्रूने हे जमतं.

बिघडतं ते बारकाव्यात. स्क्रू फक्त गालाच्या बाजूने लावून ओढलं तर दाढ सरळ वर न जाता गालाकडे कलते, तिचं टाळूकडचं टोक खाली लोंबतं आणि तेच टोक टेकून फट होती तशी राहते. म्हणून टाळूच्या बाजूनेही स्क्रू हवा, किंवा दोन्हीकडच्या दाढा जोडणारी आडवी तार. ती तार टाळूपासून ४-५ मिमी लांब ठेवावी लागते, कारण दाढा चढतील तशी ती टाळूकडे सरकते. आधीच चिकटून बसवली तर मांसात रुतते. दुसरी मोठी दाढ उपचारातून वगळली तर पहिली वर जाते आणि दुसरी टेकू बनून बसते. वरच्या दाढा चढताना खालच्या उगवून वर येतात, त्यांनाही धरून ठेवावं लागतं. शिवाय दहातला एखादा स्क्रू सैल होतोच. तो पुन्हा बसवता येतो; भोवतीची हिरडी सुजू नये म्हणून मऊ ब्रशने रोज साफ करा.

फक्त रबरबँड लावून पुढचे दात खाली ओढणं हा सोपा मार्ग वाटतो. ओठ सैल सोडल्यावर वरचे दात अगदीच कमी दिसत असतील तर तो योग्यही आहे. पण आधीच ३-४ मिमी दिसत असतील तर हसताना हिरड्या दिसू लागतील, आणि असे ओढलेले दात परत वर जाण्याची भीती असते.

आता हनुवटी. आरशासमोर तोंड मोठं उघडा आणि पहिला दात टेकेपर्यंत सावकाश मिटा. तोवर हनुवटी मध्यावर असेल आणि दात टेकल्यावरच डावीकडे घसरत असेल, तर जबडा सोयीची जागा शोधतोय. बहुधा वरचा जबडा अरुंद असतो. तो रुंद केला की वाकडेपणाही बराच जातो. उघडल्यावरही हनुवटी तितकीच बाजूला असेल, तर दोष बहुधा हाडात किंवा सांध्यात आहे. मग दातांची मध्यरेषा जुळवता येते, एका बाजूच्या दाढा जास्त चढवून दातांच्या रांगेचा तिरपेपणा कमी करता येतो, पण हनुवटीचं हाड तिथेच राहतं. चेहऱ्याचा तो वाकडेपणाच तुम्हाला खुपत असेल, तर शस्त्रक्रिया सांगणारे डॉक्टर बरोबर आहेत.

एक गोष्ट तार लावण्याआधीच तपासा. १८-२० व्या वर्षीचे फोटो काढा. त्यानंतर फट किंवा वाकडेपणा वाढला असेल तर थांबा. या वयात बदल चालू असणं म्हणजे एका बाजूचा सांधा अजून वाढतोय किंवा झिजतोय, अशी शंका घ्यावी लागते. त्यासाठी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), गरज पडल्यास बोन स्कॅन किंवा एमआरआय लागतो. हे न बघता मिटवलेली फट पुन्हा उघडते.

जिभेकडे दुर्लक्ष नको. गिळताना ती क्षणभर पुढे येते त्यापेक्षा दिवसभर ती कुठे विसावते याला जास्त महत्त्व आहे. टोक वरच्या दातांमागे टाळूला, ओठ मिटलेले, श्वास नाकाने. नाक चोंदलेलं असेल तर हे जमणारच नाही, म्हणून आधी नाकाचा इलाज.

दाढा सगळ्यात जास्त परत उतरतात त्या पहिल्या वर्षात. म्हणून रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारा साचा) हातात आला की आरशात बघा, तो शेवटच्या दाढेपर्यंत झाकतो का. ती उघडी राहिली तर हळूहळू खाली येते आणि पुढची फट पुन्हा दिसायला लागते.