पहिले सिझेरियन झाले असेल, तर दुसरेही अटळ असते का?

आपल्या बहिणीचे पहिले बाळंतपण नाशिकमध्ये सिझेरियनने झाले, आता दुसऱ्या खेपेलाही तेच करावे लागेल का आणि ही सिझेरियन इतकी का वाढली आहेत, असे आपण विचारले आहे. मी याच जिल्ह्यात अनेक वर्षे प्रसूतिकक्षात परिचारिका होते, त्या अनुभवावरून लिहिते.

अटळ नाही. पहिल्या वेळी गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतलेला असेल, बाळ पायाळू नसेल आणि वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर आलेली नसेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या चारपैकी साधारण तिघींना यश येते. जुना व्रण फाटण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो. पण तसे झाल्यास तातडीने पोट उघडावे लागते, म्हणून मध्यरात्रीही भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असेल तेथेच हा प्रयत्न करावा. लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो. तेथील डॉक्टर नकार देतात तो दरवेळी पैशासाठी असतो, असे मी म्हणणार नाही.

तरीही आकडे अस्वस्थ करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण 2005-06 मध्ये 8.5 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 21.5 टक्के झाले. त्या वेळी महाराष्ट्रात ते 25.4 टक्के होते. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14.3 टक्के, तर खाजगी रुग्णालयांत 47.4 टक्के होते, आणि एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीमुळे पडू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दहा टक्क्यांच्या पुढे प्रमाण गेल्याने समाजातील माता आणि नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. उलट प्रत्येक सिझेरियनगणिक पुढच्या गर्भारपणात वार जुन्या व्रणात रुतण्याची भीती वाढते. तसे झाले की रक्तस्राव आवरत नाही आणि कधी गर्भाशयच काढावे लागते. मुहूर्त साधण्यासाठी 39 आठवड्यांआधीच बाहेर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. आणि पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यावरच्या जिला सिझेरियन खरोखर हवे असते, तिला घाट ओलांडून नाशिक गाठावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून पहिलटकरणीचे सिझेरियन फार विचारपूर्वक व्हायला हवे. बहिणीचे डिस्चार्ज कार्ड शोधा आणि शस्त्रक्रियेचे कारण पाहा. बाळ पायाळू होते म्हणून ती झाली असेल, तर या वेळी आशा अधिक आहे. कळा येऊनही बाळ खाली सरकले नसेल, तर थोडी कमी. ते कार्ड घेऊन सातव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोला, कळा सुरू झाल्यावर नव्हे.