दुसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला

चिरंजीव पुतणोबास,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तीन ओळींत दोनदा ‘अनफेअर’ आलंय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या धाकट्या संघात, तू दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, पहिल्या नंबरचा मुलगा तुझ्यापेक्षा जोरात फेकतो, आणि पलीकडच्या शाळेत जागा रिकामी असल्याचं कुणीतरी तुझ्या कानात सांगितलंय. शाळा बदलू का, असं विचारतोस. उत्तर देतो, पण जरा वळसा घालून. मराठी वाचायचा कंटाळा आला तर आईकडून वाचून घे. वहिनींच्याही कानावर यातलं थोडं पडायला हवं.

त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की या खेळात बाकीच्या बऱ्याच जागांवर माणसं आलटून पालटून खेळवतात. क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा ते ठरवणाऱ्याचं, तसं नाही. एक जण खेळतो आणि उरलेले हातात क्लिपबोर्ड घेऊन उभे राहतात. इथे अमेरिकेत हायस्कुलात फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास आहेत. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, संघ ३२, म्हणजे पहिल्या क्वार्टरबॅकच्या जागाही ३२. यातली कुठलीही जागा कुणीतरी उठल्याशिवाय किंवा उठवल्याशिवाय रिकामी होत नाही. हे नीट समजून घे, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

१९९८ च्या सप्टेंबरात मी अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकत होतो. लाखावर माणसं मावतील असं ते स्टेडियम. आदल्या वर्षी मिशिगनने एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेतेपदात वाटा मिळवला होता, आणि आता पहिल्या दोन्ही मॅच हरलो. दुसरी सिरॅक्यूजविरुद्ध, घरच्या मैदानावर. आमचा क्वार्टरबॅक एक सडपातळ, पळायला मंद असा कॅलिफोर्नियाचा मुलगा होता. त्याच्या जागी ड्र्यू हेन्सन हवा, असं गावभर चाललं होतं. हेन्सन जवळच्या ब्रायटनचा, पहिल्याच वर्षाला, आणि बेसबॉलमध्ये यँकीज संघाने आधीच निवडलेला. तो मैदानात उतरला तेव्हा स्टेडियम उसळलं. ओरडणाऱ्यांत मीही होतो. ज्याला आम्ही बसवा म्हणत होतो, त्याचं नाव टॉम ब्रेडी.

त्याच्या सात सुपर बोल अंगठ्यांचं (एनएफएलचा अंतिम सामना जिंकला की मिळते ती) कौतुक तुला कुणीही ऐकवेल. मला त्याच्या बेंचवरच्या दिवसांत जास्त रस आहे. सॅन मटेओच्या सेरा हायस्कुलात पहिल्या वर्षी तो नवख्यांच्या संघात राखीव होता. त्या संघाने सगळ्या मॅच हरल्या आणि अख्ख्या सीझनमध्ये एकही टचडाउन केला नाही, म्हणजे चेंडू एकदाही समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला नाही. आता विचार कर, अशा संघातही ज्याला खेळवत नाहीत त्याने घरी जाऊन काय सांगायचं? मग पहिल्या नंबरच्या मुलाने बास्केटबॉलसाठी फुटबॉल सोडला आणि याची वाट मोकळी झाली. उन्हाळ्यात हा टॉम मार्टिनेझ नावाच्या जवळच्या कॉलेजच्या कोचकडे फेक शिकायला जाऊ लागला, आणि पुढे व्यावसायिक झाल्यावरही त्याच माणसाकडे परत परत जात राहिला. बापाने मुलाच्या खेळाची चित्रफीत करून घेतली आणि कॉलेजांना पाठवली. (तुझ्या बाबांना हे वाचून दाखव. कोचशी हुज्जत घालण्यापेक्षा हे काम बरं.)

मिशिगनला तो १९९५ मध्ये आला तेव्हा सातवा होता. सातवा! तुझा दुसरा नंबर तुला बोचतो. पहिली तीन वर्षं तो जवळजवळ बसूनच होता. तेव्हा त्यानेही तुझाच प्रश्न विचारला होता. घराजवळ बर्कलीच्या विद्यापीठात निघून जाऊ का, हे त्याने मुख्य कोच लॉइड कार यांच्यासमोर बोलून दाखवलं, आणि शेवटी राहिला. त्याच सुमारास तो ग्रेग हार्डन या विद्यापीठातल्या सल्लागाराकडे जाऊ लागला. सरावात आपल्याला दोनच स्नॅप, म्हणजे खेळायच्या चाली, मिळतात, अशी त्याची तक्रार होती. हार्डनचं म्हणणं साधं होतं: मग ते दोन जीव तोडून खेळ. दोन नीट गेल्यावर चार झाले, चाराचे दहा झाले. ब्रेडी स्वतः हे अनेकदा सांगतो.

मी यात माझं एक घालतो. तुला दोन स्नॅप मिळत असतील, पण उरलेले सगळे तुझ्या डोळ्यांसमोर होतात. पहिला मुलगा खेळत असताना तू काय करतोस? मागच्या ऑगस्टमध्ये मी सरावाला आलो होतो तेव्हा तू हेल्मेट मांडीवर घेऊन पाणी पीत होतास. कोच खूण करतो तेव्हा ती खूण तोंडातल्या तोंडात म्हण, स्नॅपच्या आधी सेफ्टी, म्हणजे समोरचा सगळ्यांत मागे उभा राहणारा बचावपटू, बघ, आणि चेंडू कुठे जायला हवा ते ठरव. मग तो मुलगा कुठे फेकतो ते पाहा. त्याचं चुकलं म्हणून खूश होऊ नकोस. तुझं ठरवणं बरोबर होतं का, तेवढंच तपास.

आता शाळा बदलण्याचं. जाऊच नये असं मी म्हणणार नाही. जो बरो हा क्वार्टरबॅक ओहायो स्टेट विद्यापीठात तीन वर्षं अडकला होता. पदवी घेऊन तो लुइझियानाला एलएसयूत गेला, तिथे २०१९ मध्ये ६० टचडाउन पास फेकले, एकही मॅच न हरता विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात) सगळ्यांत पहिला उचलला गेला. पण तो गेला तो पदवी खिशात घालून आणि तीन वर्षांचं प्लेबुक, म्हणजे संघाच्या चालींची वही, पचवून. तू सहा आठवड्यांत जायचं म्हणतोस, तेही कुणाच्या तरी कानगोष्टीवर. त्या शाळेतही एक दुसरा मुलगा क्लिपबोर्ड घेऊन उभा असेलच की. माझ्या मते हे वर्ष इथेच काढ. मे महिन्यात पुन्हा विचार.

ब्रेडीचं पुढचं तुला माहीत आहे, तरी एक चित्र डोळ्यांसमोर आण. पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन समोरून जातो, शेजारच्याला वाढतो, पलीकडच्याला वाढतो, आणि आपल्या पानाकडे बघतही नाही. २००० चा ड्राफ्ट त्याच्यासाठी असा होता. त्याआधीच्या चाचणीत ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी गेले. लहानपणी ज्यांच्या मॅच पाहून तो वाढला त्या फॉर्टी नायनर्स संघाने तिसऱ्या फेरीत दुसराच क्वार्टरबॅक घेतला, जो पुढे मुख्य सीझनमध्ये एकदाही खेळला नाही. ब्रेडीला न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सहाव्या फेरीत घेतलं, १९९ वा. तिथे तो चौथा. पहिल्या वर्षी एका मॅचमध्ये डेट्रॉइटविरुद्ध त्याला तीन फेकी मिळाल्या. एक पूर्ण झाली, सहा यार्डांची.

त्या संघाचा पहिला क्वार्टरबॅक ड्र्यू ब्लेडसो. १९९३ च्या ड्राफ्टमधला अगदी पहिला, नुकताच दहा वर्षांचा करार झालेला. २३ सप्टेंबर २००१ ला जेट्स संघाच्या मो लुइसने त्याला साइडलाइनजवळ असा धडकवला की छातीतली रक्तवाहिनी फाटून आत रक्त साचत गेलं. जिवावरचंच दुखणं होतं. ब्रेडी आत गेला. ब्लेडसो बरा होऊन परतला तेव्हा कोच बेलिचिक यांनी ब्रेडीलाच ठेवलं.

लोक इथून थेट सुपर बोलवर उडी मारतात. तू मारू नकोस. २७ जानेवारी २००२, पिट्सबर्ग, अंतिम सामन्याच्या आधीची मॅच. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ब्रेडीचा घोटा दुखावला आणि ब्लेडसोला बोलावलं. चार महिने त्याने एकही पास फेकला नव्हता. ज्याची खुर्ची गेली, ज्याला कुढायचा पूर्ण हक्क होता, तो माणूस आत गेला. साइडलाइनला थेट सप्टेंबरसारखाच दणका खाल्ला, उठला, आणि पाठोपाठ डेव्हिड पॅटनला टचडाउन पास दिला. पेट्रियट्स २४-१७ जिंकले. पुढच्या रविवारी सुपर बोलमध्ये पुन्हा ब्रेडी. ब्लेडसो बेंचवर, आणि एप्रिलमध्ये त्याला बफेलोच्या संघाकडे पाठवून दिलं. सात अंगठ्यांतली पहिली ब्लेडसोच्या त्या दुपारीशिवाय आली नसती, असं मला ठाम वाटतं. तुझ्या भिंतीवर ब्रेडीचं पोस्टर आहे. शेजारी याचंही लाव, मिळालं तर.

वहिनी, हे तुमच्यासाठी: डोक्याला मार लागला, गरगरलं, मळमळलं, तर त्याने ते त्याच दिवशी सांगायचं. जागा जाईल म्हणून लपवायचं नाही. बाकी कशावरही तडजोड करा, यावर नको.

आणि तू, त्या पहिल्या मुलाशी बोलतोस का? आपल्या चाली खेळून तो बाहेर आला की त्याच्या शेजारी जाऊन उभा राहा. बाहेरून जे दिसतं ते त्याला आतून दिसत नाही. ते सांग.

गुरुवारी मॅच झाली की फोन कर. किती खेळलास ते विचारणार नाही. तिसऱ्या डाउनला, म्हणजे चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला, त्यांचा सेफ्टी कुठे उभा राहत होता, ते सांग.

तुझा,
काका