सात मैत्रिणींची छोटी घरं

प्रश्न: आम्ही 7 मैत्रिणी रिटायर झाल्यावर पुण्याजवळ शेजारी शेजारी छोटी घरं बांधायची म्हणतोय, प्रत्येकीचं 300 स्क्वेअर फूट. जमेल का?

उत्तर: जमेल की! आधी नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत बघून या, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात केलेलं, तिथे 7-7 घरं एका साधारण 8 बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती आहेत आणि शेजाऱ्याशी भिंत कॉमन नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपलं घर हवं तसं वाढवता येतं, मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. वॉशिंग मशीन, पाहुण्यांची खोली, पावसाच्या पाण्याची टाकी कॉमन ठेवा, पण किचन-बाथरूम प्रत्येकीचं वेगळंच, यावर अडून बसा. भिंतींना रॅट ट्रॅप बाँड ही विटा रचायची पद्धत सांगा, विटा उभ्या लावतात, मधे पोकळी राहते, जवळपास पाव हिस्सा विटा वाचतात नि आत गारवा. सातबारा मात्र वकिलाकडून तपासून घ्या हं.