ईलेक्ट्रॉस या पोकेमॉनची कमजोरी कोणती?

तशी एकही नाही. तो निव्वळ इलेक्ट्रिक टाइपचा, आणि इलेक्ट्रिकला फक्त ग्राउंडचे हल्ले भारी पडतात. पण याची ॲबिलिटी (अंगभूत गुण) लेव्हिटेट, म्हणजे गडी हवेत तरंगतो; अर्थक्वेकसारखा ग्राउंडचा हल्ला खालूनच निघून जातो. त्याला गाठायचंच असेल तर मोल्ड ब्रेकर ॲबिलिटी असलेला एक्सकॅड्रिल हा पोकेमॉन आणा, त्याच्यापुढे लेव्हिटेट चालत नाही. नाहीतर ग्रॅव्हिटी ही चाल वापरून खाली खेचा. शिवाय स्पीड जेमतेम 50, त्यामुळे बहुतेक वेळा पहिला वार तुमचाच.

स्वतः पाळणार असाल तर धीर धरा. त्याचं पहिलं रूप म्हणजे टायनामो; तो 39व्या लेव्हलला ईलेक्ट्रिक (Eelektrik) या मधल्या रूपात जातो, तोवर अगदीच लेचापेचा. पुढे थंडर स्टोन दिला की ईलेक्ट्रॉस. माझ्या मते मेहनत वसूल होते.