लखनौचा जनरल आउट्राम आणि खानदेशातला आउट्राम एकच का?

हो, एकच. जेम्स आउट्राम 1819 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबईच्या फौजेत आला आणि 1860 पर्यंत हिंदुस्थानात राहिला.

खानदेशातली वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. 1825 मध्ये धरणगावला त्याने भिल्ल पलटण उभारली. ज्या भिल्लांवर इंग्रजांनी मोहिमा काढल्या, त्यांनाच त्याने शिपाई केलं. त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी केल्या, ओळखी वाढवल्या. यात आपुलकी होती तसा हिशेबही होता: डोंगर कंपनीच्या ताब्यात आले.

पुढे अफगाण युद्ध, मग सिंध. तिथे सिंध जिंकून घेणाऱ्या इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरच्या धोरणाला त्याने उघड विरोध केला. साताऱ्याला आणि बडोद्याला तो रेसिडेंट, म्हणजे संस्थानाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. बडोद्यातली लाचखोरी चव्हाट्यावर आणल्यामुळे मुंबई सरकारने त्यालाच हटवलं!

फार उदात्त रंगवू नका मात्र. 1856 मध्ये अवध खालसा झालं तेव्हा तिथला रेसिडेंट हाच. 1857 मध्ये आधी इराणची मोहीम, मग उठावात वेढलेल्या इंग्रजांना सोडवायला लखनौ. तिथे हुद्द्याने वरचा असूनही वेढा फोडेपर्यंत त्याने नेतृत्व जनरल हॅवलॉककडेच राहू दिलं. 1863 मध्ये फ्रान्समध्ये वारला. दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत.