जीवशास्त्र घेतलंस? मग आधी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, जा

बाबू, व्याख्या घोकणं नंतर. आधी पऱ्हाटीत डोमकळी शोध: पाकळ्या चिकटून मिटलेलं फूल. हलकेच उघड, आत गुलाबी बोंडअळी सापडेल. पांढुरकी असली तर दुसरी समजू नको, वाढल्यावरच ती गुलाबी होते. तारीख, ओळ, झाड तिथंच वहीत लिही. घरी आठवून लिहिलेलं कामाचं नाही.

कोणी म्हणालं, "फवारलं अन् अळी गेली", तर विचार, न फवारलेल्या ओळी ठेवल्या होत्या का? नाही तर काय डोंबल कळणार!

बीटी कपाशी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं वाण. त्या विषाला दाद न देणाऱ्या अळ्या जगल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली. उत्क्रांती म्हणतात ती हीच, तुझ्या धुऱ्याला लागून. सूक्ष्मदर्शक कॉलेजात मिळेल. तोवर साधं भिंग चालतं.